कार्बन डायऑक्साइडचा पट्टा 'भरलाय', मग अजून वाढला तर काय बिघडतं?

हवेत कार्बन डायऑक्साइड आहेच किती, ०.०४ टक्के, आणि त्याला जेवढी उष्णता शोषायची तेवढी तो आधीच शोषतोय, मग अजून थोडा वाढला तर असा काय फरक पडणार? मुंबईत एप्रिल-मेचा उकाडा सुरू झाला की सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर हा मेसेज फिरतोच, आणि खाली पटापट अंगठे पडतात. "एवढासा गॅस काय करणार" हा पहिला भाग लवकर निकालात निघतो, कारण हवेतला ९९ टक्के भाग नायट्रोजन आणि ऑक्सिजनचा आहे आणि ते दोघं जमिनीतून निघणाऱ्या उष्णतेला जवळपास पूर्ण पारदर्शक आहेत, म्हणजे त्यांची संख्या कितीही असली तरी या कामात ती मोजायचीच नाही. पण दुसरा भाग मात्र खरोखर चांगला प्रश्न आहे. १९०० साली स्वीडनच्या क्नुट आँग्स्ट्रॉम या शास्त्रज्ञाने हाच मुद्दा प्रयोग करून मांडला होता, आणि त्याला पूर्ण उत्तर मिळायला अर्धशतक लागलं. म्हणून त्याला हसून सोडायचं नाही, नीट उत्तर द्यायचं.

आधी जमिनीचं बघू. प्रत्येक वस्तू तिच्या तापमानाप्रमाणे रेडिएशन सोडत असते, भिंत, रस्ता, समुद्र, आपण स्वतः. २७ अंश सेल्सिअसचा रस्ता दर चौरस मीटरला साधारण ४६० वॅट एवढी ऊर्जा सोडतो, आणि ती दिसत नाही कारण तिचा जोर १० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीच्या आसपास, म्हणजे इन्फ्रारेडमध्ये, असतो आणि आपल्या डोळ्यांना ०.४ ते ०.७ मायक्रॉनच दिसतं. आता ही ऊर्जा वर अवकाशात निघून जायला बघते आणि वाटेत हवा असते, सगळा खेळ इथे आहे.

रेणू हा प्रकाश घेतो कधी, तर त्याच्या हलण्याने त्याच्यातला धन-ऋण विद्युतभार मागेपुढे होत असेल तेव्हा. नायट्रोजनच्या रेणूत दोन सारखेच अणू, ते कितीही ताणले-आखडले तरी दोन्ही बाजू सारख्याच, त्यामुळे इन्फ्रारेड प्रकाशाला पकडायला तिथे काहीच नाही. कार्बन डायऑक्साइड सरळ रेषेतला, मधे कार्बन आणि दोन्हीकडे ऑक्सिजन. दोन्ही ऑक्सिजन एकाच वेळी बाहेर ताणले गेले तर तोही गप्प बसतो, पण रेणू मधे वाकला तर १५ मायक्रॉनचा प्रकाश शोषतो, आणि एक बाजू ताणली नि दुसरी आखडली तर ४.३ मायक्रॉनचा. पाण्याचा रेणू मुळातच वाकडा असल्यामुळे तो तर नुसता गोल फिरतानासुद्धा शोषतो, म्हणून पाण्याच्या वाफेच्या रेषा जवळपास सगळीकडे सापडतात. रेषा म्हणतो कारण रेणू वाट्टेल ती ऊर्जा घेत नाही, ठरावीक पायऱ्यांचीच घेतो, आणि स्पेक्ट्रम, म्हणजे कोणत्या तरंगलांबीला किती प्रकाश आहे याचा आलेख, मोठा करून बघितला की जो एक जाड पट्टा वाटतो तो खरं म्हणजे शेकडो बारीक रेषांचा गठ्ठा असतो.

हे काही फक्त प्रयोगशाळेत बघायचं प्रकरण नाही. पेट्रोल पंपावर पीयूसी काढायला गाडी लावतो तेव्हा सायलेन्सरमध्ये नळी घालतात ना, तो धूर मशिनमधल्या एका छोट्या नळकांड्यात जातो, एका टोकाला इन्फ्रारेड दिवा, दुसऱ्या टोकाला सेन्सर, मधे फिल्टर. कार्बन मोनॉक्साइड ४.७ मायक्रॉनच्या आसपास शोषतो, तेवढाच प्रकाश सेन्सरवर किती कमी पडला त्यावरून टक्केवारी छापून येते. ऑपरेशन थिएटरमध्ये पेशंटच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजतात तेही याच तत्त्वावर, तिथे ४.३ मायक्रॉनचा पट्टा वापरतात. म्हणजे ज्या भौतिकशास्त्रावर पीयूसीचा कागद आणि भूल देणारा डॉक्टर विसंबून आहेत तेच भौतिकशास्त्र पृथ्वीच्या तापमानालाही लागू आहे, वेगळं काही नाही.

आता रेणूने ऊर्जा शोषली, पुढे काय? बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं की तो लगेच ती परत बाहेर टाकतो, अर्धी वर आणि अर्धी खाली. असं जमिनीजवळ होत नाही. कार्बन डायऑक्साइडच्या वाकण्याच्या कंपनाला प्रकाश टाकून मोकळं व्हायला सेकंदाच्या जवळपास वेळ लागतो, आणि समुद्रसपाटीच्या हवेत एक रेणू सेकंदात काहीशे कोटी वेळा दुसऱ्यांवर आदळतो, त्यामुळे प्रकाश टाकायच्या कितीतरी आधीच ती ऊर्जा धडकांमधून नायट्रोजन-ऑक्सिजनला देऊन होते. म्हणजे आसपासची हवाच गरम होते. उलट दिशेनेही हेच चालतं, गरम हवेतल्या धडकांनी काही कार्बन डायऑक्साइड रेणू कंपित होतात आणि त्यातले थोडे प्रकाश टाकतात. म्हणून हवेचा थर किती रेडिएशन सोडणार हे ठरतं त्याच्या स्वतःच्या तापमानावर, खालून कोणता प्रकाश आला यावर नाही. ही एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवा, पुढचं सगळं उत्तर हिच्यावर उभं आहे. रेडिएशनच्या या प्रवासाचं गणित फार अवघड आहे, आणि त्याला घट्ट पाया देणाऱ्यांत आपले सुब्रह्मण्यन चंद्रशेखर आहेत, १९४० च्या दशकात त्यांनी ताऱ्यांच्या वातावरणासाठी हे काम केलं आणि आज हवामानाच्या मॉडेलमध्येही त्यांच्या पद्धती वापरतात. त्यांचं नाव घेतलं की सगळ्यांना मरणाऱ्या ताऱ्यांची मर्यादाच आठवते, हे काम तेवढंच मोठं आहे असं मला मनापासून वाटतं.

परत आँग्स्ट्रॉमकडे. त्यांच्या सहाय्यकाने एका नळीत कार्बन डायऑक्साइड भरून त्यातून इन्फ्रारेड सोडलं, मग गॅस एक तृतीयांश कमी करून परत मोजलं, आणि शोषण जेमतेम बदललं. निष्कर्ष असा निघाला की पट्टा भरलेला आहे, आणखी गॅस घातला काय आणि काढला काय. चार वर्षं आधी स्वीडनच्याच स्वांते अऱ्हेनियस या शास्त्रज्ञाने कार्बन डायऑक्साइडमुळे तापमान किती वाढेल याचं गणित मांडलं होतं, ते या प्रयोगामुळे बराच काळ बाजूला पडलं. प्रयोगातली मापं तेव्हाच्या उपकरणांच्या मानाने ठीक होती, चूक होती ती त्यावरून पूर्ण वातावरणाबद्दल बोलण्यात.

एक तर रेषांना जाडी असते. तंबोऱ्याची तार छेडली आणि तिला नीट वाजू दिलं तर सूर स्वच्छ लागतो, पण छेडून लगेच बोट ठेवलं तर नुसता ठक आवाज येतो आणि सूर कोणता ते धड कळत नाही. रेणूचं तसंच होतं, धडकांमुळे त्याचं कंपन मधेच तुटतं, मग तो नेमक्या एका तरंगलांबीऐवजी तिच्या आजूबाजूचाही प्रकाश घ्यायला लागतो. दाब जास्त म्हणजे धडका जास्त म्हणजे रेषा रुंद. खाली जमिनीजवळ रेषा पसरून एकमेकींत मिसळतात, वर दाब कमी होत जातो तशा त्या सुईसारख्या बारीक होतात आणि मधल्या फटी उघड्या पडतात. आँग्स्ट्रॉमची नळी म्हणजे सगळं वातावरण एकाच दाबाला धरल्यासारखं होतं. शिवाय १५ मायक्रॉनचा पट्टा मधे प्रचंड घट्ट असला तरी कडांना विरळ होत जातो, मधला भाग भरला तरी कडा भरलेल्या नसतात, गॅस वाढला की त्या कडा भरत जातात, आणि म्हणूनच परिणाम सरळ पटीत न वाढता लॉगरिदमने वाढतो, दर दुपटीला साधारण तेवढाच. गॅस दुप्पट झाला तर बाहेर जाणारं रेडिएशन दर चौरस मीटरला सुमारे ३.७ वॅटने अडतं.

पण त्याहून महत्त्वाचं आहे ते उंचीचं. पट्ट्याच्या मधोमध जमिनीतून निघालेला प्रकाश काही मीटरमध्येच शोषला जातो हे खरं, तिथे मेसेजवाल्यांचं म्हणणं बरोबर. मात्र अवकाशात पोचणारा प्रकाश जमिनीचा नसतोच, तो वरच्या अशा थराचा असतो जिथून पुढे गॅस एवढा विरळ आहे की प्रकाश सुटू शकतो. कार्बन डायऑक्साइड वाढवला की हा सुटण्याचा थर आणखी वर सरकतो, पट्ट्याच्या बहुतेक भागात वर म्हणजे थंड, आणि थंड थर कमी रेडिएशन सोडतो. सूर्याकडून येणारी ऊर्जा तेवढीच, जाणारी कमी, मग हिशोब परत जुळेपर्यंत खालचं सगळं तापत राहतं. खालचा थर शंभर टक्के अपारदर्शक असला तरी याने काही फरक पडत नाही. १९५६ मध्ये गिल्बर्ट प्लास यांनी सुरुवातीच्या कॉम्प्युटरवर थर-थर करून हे गणित केलं, तेव्हा कुठे आँग्स्ट्रॉमचा मुद्दा सुटला.

आणि हे नुसतं गणित राहिलेलं नाही, मोजलेलं आहे. १९७० मध्ये सोडलेल्या निंबस-४ उपग्रहाने सहारा वाळवंटावरून स्पेक्ट्रम घेतला, त्यात पारदर्शक भागात ४७ अंश सेल्सिअसच्या आसपासची तापलेली वाळू दिसते आणि १५ मायक्रॉनला उणे ५० अंशांच्याही खालचं काहीतरी दिसतं, म्हणजे एकाच जागेवर बघताना एका रंगात (म्हणजे तरंगलांबीत) वाळू आणि दुसऱ्या रंगात कित्येक किलोमीटर वरची गोठलेली हवा. १९९७ मध्ये एका जपानी उपग्रहावरच्या उपकरणाने तसेच स्पेक्ट्रम घेतले होते, लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या शास्त्रज्ञांनी २००१ साली दोन्ही शेजारी ठेवून बघितले, तर कार्बन डायऑक्साइड आणि मिथेनच्या पट्ट्यांत बाहेर जाणारं रेडिएशन कमी झालेलं दिसलं. पट्टा खरंच पूर्ण भरलेला असता तर त्या जागी काही बदललंच नसतं.

पावसाळ्यात आपण मोबाइलवर हवामान खात्याची इन्सॅटची चित्रं बघतो त्यातही हेच आहे. एक चित्र ११ मायक्रॉनच्या आसपासचं असतं, ढग नसले तर त्यात जमीन आणि समुद्र दिसतात. दुसरं असतं वाफेचं, ७ मायक्रॉनच्या जरा अलीकडचं, त्यात मुंबईची जमीन कधीच दिसत नाही, आकाश निरभ्र असलं तरी, कारण त्या रंगात उपग्रहाला दिसते ती कित्येक किलोमीटर वरची ओल.

वाफेवरून आपल्या रात्रींकडे येऊ. ८ ते १२ मायक्रॉन या भागाला वातावरणाची खिडकी म्हणतात, मधला ९.६ मायक्रॉनचा ओझोनचा पट्टा सोडला तर तिथे कोणाच्याच जोरदार रेषा नाहीत, आणि जमीन रात्री थंड होते ती मुख्यतः याच वाटेने. जानेवारीत निफाडला आकाश कोरडं असतं, ही खिडकी सताड उघडी असते, पहाटे पारा एवढा घसरतो की द्राक्षं वाचवायला बागायतदार बागांमध्ये शेकोट्या पेटवतात. मुंबईत मात्र मे महिन्यात ढग नसले तरी रात्र निवत नाही. त्याला शेजारचा समुद्र कारण आहे, दिवसभर तापलेलं काँक्रीट कारण आहे, पण वाफेचाही मोठा हात आहे, आणि तो रेषांमधून नाही तर रेषांच्या मधल्या जागेतून. पाण्याची वाफ या खिडकीत एक सलग, हलकं शोषण करते, त्याला कंटिन्यूअम म्हणतात, आणि वाफेचा स्वतःचा दाब वाढला की ते त्या दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. दवबिंदू १० अंश असेल तर वाफेचा दाब साधारण १२ हेक्टोपास्कल, मुंबईसारखा २५ अंश असेल तर ३२. म्हणजे ओल अडीच-पावणेतीन पट, पण तेवढ्याच जाडीच्या हवेतलं हे शोषण ढोबळमानाने सात पट. किनाऱ्यावरची दमट हवा ही खिडकी अर्धवट लावून घेते ती अशी.

गंमत म्हणजे हे सलग शोषण नेमकं येतं कुठून यावर शास्त्रज्ञांचं अजून पूर्ण एकमत नाही. काही म्हणतात दूरच्या जोरदार रेषांच्या कडा इथपर्यंत पसरतात, काही म्हणतात वाफेचे दोन-दोन रेणू क्षणभर जोडीने राहतात आणि ती जोडी शोषते, बहुतेक दोन्ही थोडं थोडं असावं. हवामानाची मॉडेल्स मोजमापांवर बसवलेलं सूत्र वापरून काम चालवतात, आणि ते चांगलं चालतंही, पण ज्या शहरात दोन कोटींच्या आसपास माणसं या दमट हवेखाली झोपायचा प्रयत्न करतात तिथल्या विद्यार्थ्यांनी या प्रश्नात हात घालावा असं मला फार वाटतं.

साधनं तर हाताशी आहेत. हायट्रान नावाचा डेटाबेस १९६० च्या दशकात अमेरिकन हवाई दलाच्या प्रयोगशाळेत सुरू झाला, तेव्हा गरज लष्करी होती, हवेतून इन्फ्रारेड कितपत आरपार दिसतं हे हवं होतं. आज तो अमेरिकेतल्या हार्वर्ड-स्मिथसोनियन केंद्रात सांभाळला जातो, ५० हून जास्त रेणूंच्या लाखो रेषा त्यात आहेत, प्रत्येकीची जागा, जोर आणि धडकांनी येणारी रुंदी, आणि नाव नोंदवलं की सगळं फुकट. त्यांची हापी नावाची पायथन लायब्ररी आहे, बीएस्सीच्या मुलांना एका संध्याकाळी जमेल. कार्बन डायऑक्साइड घ्या, सेंटिमीटरमागे ६०० ते ७४० लहरी एवढा भाग निवडा (१५ मायक्रॉन म्हणजे सेंटिमीटरमागे साधारण ६६७ लहरी), आधी एक अॅटमॉस्फिअर दाबाला आलेख काढा, मग एक दशांश दाबाला. खालच्या दाबाला रेषा सुट्या होतील, फटी दिसायला लागतील. ६६७ ला मधोमध एक उंच सुळका दिसेल, बऱ्याच रेषा एकाच जागी दाटल्यामुळे झालेला. मग निंबस-४ चा स्पेक्ट्रम उघडून त्याच ६६७ ला बघा, तिथे खोल खड्ड्याच्या तळाशी एक छोटा उंचवटा आहे, कारण त्या रंगात हवा सगळ्यात जास्त अपारदर्शक असल्यामुळे प्रकाश पार स्ट्रॅटोस्फिअरमधून, म्हणजे ढगांच्याही वरच्या थरातून, सुटतो, आणि तिथे वर जाताना हवा परत गरम होत जाते.