वारा खरा वाटला नाही ती रात्र आणि ढग आलेच नाहीत ती रात्र

मार्च 1944 च्या अखेरच्या दिवसांत ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बर कमांडला, म्हणजे बॉम्बफेकी विमानांच्या विभागाला, आठवड्याभरात दोन जबर तडाखे बसले. 24 मार्चच्या रात्री बर्लिनवर 811 विमाने गेली, त्यातली 72 परतली नाहीत. 30 मार्चच्या रात्री न्यूरेंबर्गवर 795 गेली आणि 95 गमावली. दोन्ही वेळा 'हवामानाने घात केला' असे म्हटले की विषय संपतो, आणि मग एका रात्रीचे तपशील दुसरीला चिकटतात. बर्लिनच्या रात्री हवामान भलतेच उग्र निघाले. न्यूरेंबर्गच्या रात्री ते नको इतके निवळ राहिले.

आधी बर्लिन. लँकेस्टर किंवा हॅलिफॅक्स या बॉम्बर विमानातला नेव्हिगेटर, म्हणजे वाट काढणारा, पडद्याआड छोट्याशा टेबलावर नकाशा पसरून बसे. दिव्याचा उजेड बाहेर जाऊ नये म्हणून पडदा. वारा किती आणि कुठून, यावरच त्याचे सगळे गणित चाले. काही निवडक विमानांकडे वारा मोजायचे काम असे. ते आकडे बिनतारी संदेशाने इंग्लंडला कळवायचे, तिथे त्यांची सरासरी काढायची आणि ती सगळ्या विमानांना परत सांगायची. त्या रात्री उत्तरेकडून येणारा वारा ताशी 100 मैलांच्याही वर गेला होता. एवढा वारा असेल, अशी त्यांच्यापैकी कुणाची अपेक्षा नव्हती. मोजणाऱ्यांना वाटले आपलेच चुकले, म्हणून त्यांनी आकडा कमी करून कळवला. खाली मुख्यालयात तोही जास्त वाटला, तिथे आणखी कमी केला. म्हणजे खरा वारा दोनदा छाटला गेला, आणि त्या छाटलेल्या आकड्यावर शेकडो नेव्हिगेटरांनी पेन्सिली चालवल्या. मला ही हकिकत वाचताना प्रत्येक वेळी त्या टेबलाशी थांबावेसे वाटते. आकडा बरोबर आलेला, समोर लिहिलेला, आणि तो लिहिणाऱ्याचाच त्यावर विश्वास नाही.

मग विमानांचा लोंढा दक्षिणेकडे रेटला गेला. बर्लिनबाहेरच्या 126 गावांत आणि छोट्या शहरांत बॉम्ब पडल्याच्या नोंदी आहेत. परतताना तर वाऱ्याने विमाने रूऱ्ह या कारखान्यांच्या प्रदेशासारख्या, तोफांनी खचाखच भरलेल्या भागांवर नेऊन टाकली. म्हणूनच त्या रात्रीचे बहुतेक बळी जमिनीवरच्या विमानविरोधी तोफांनी घेतले, ही खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे.

न्यूरेंबर्गला मारेकरी होती रात्रीची जर्मन लढाऊ विमाने. अर्धा चंद्र होता. अशा चांदण्यात एरवी इतक्या आत मोहीम काढत नसत, पण जाताना वर ढग असतील, त्यांच्या आडोशाने जाता येईल, असा आधीचा अंदाज होता. दुपारी हवामान पाहायला गेलेल्या मॉस्किटो विमानाने उलटे कळवले: वाटेत ढग बहुधा नसतील, लक्ष्यावर मात्र असू शकतील. तरीही मोहीम रद्द झाली नाही, आणि घडले नेमके तसेच. बेल्जियममधल्या शार्लरवापासून पुढे 265 मैलांची जवळजवळ सरळ वाट, वर चंद्र, आणि एरवी खूप उंचावरच उमटणारे वाफेचे पांढरे पट्टे त्या रात्री बॉम्बर विमानांच्या नेहमीच्या उंचीवरही मागे उमटत होते. शिकाऱ्यांना माग काढावाच लागला नाही. 95 पैकी 82 विमाने जातानाच किंवा लक्ष्याच्या आसपास पडली. पाचशेहून अधिक विमानसैनिक एका रात्रीत गेले.

गोंधळ होतो त्याचे एक खरे कारणही आहे. न्यूरेंबर्गलाही वाऱ्याचा अंदाज चुकला होताच. बरीच विमाने वाटेवरून सरकली आणि शंभराहून जास्त विमानांनी न्यूरेंबर्ग समजून श्वाइनफुर्ट या दुसऱ्याच शहरावर बॉम्ब टाकले. शहरावर दाट ढग, त्यामुळे लक्ष्य दाखवायला टाकलेले खुणेचे दिवेही भलतीकडे पडले. पण तिथे वाऱ्याने निशाणा बिघडवला. जीव घेतले ते चांदण्याने.

दोन्हीकडे सारखी असलेली गोष्ट मला वाऱ्यापेक्षा आणि चंद्रापेक्षा जास्त बोचते. खरी माहिती दोन्ही वेळा हातात आली होती. बर्लिनच्या वेळी ती विमानातून आली आणि अविश्वसनीय म्हणून कापली गेली. न्यूरेंबर्गच्या वेळी विमाने उडण्याच्या कितीतरी तास आधी आली आणि बाजूला राहिली. दोष एकट्या हवामानावर टाकला की ही माणसांची बाजू झाकली जाते.

न्यूरेंबर्गच्या रात्री सिरिल बार्टन या 22 वर्षांच्या वैमानिकाच्या हॅलिफॅक्सवर लक्ष्य गाठण्याआधीच हल्ला झाला. गडबडीत इशारा चुकीचा समजला गेला आणि नेव्हिगेटरसह तिघांनी हवाई छत्रीने उड्या मारल्या. नकाशा आणि वारा सांगणारे कुणीच उरले नसताना तो लक्ष्यापर्यंत गेला, आणि परतताना इंग्लंडच्या किनाऱ्याला लागला तो आपल्या तळापासून फक्त 90 मैल उत्तरेला. इंधन संपत आले होते. संडरलंडजवळच्या रायहोप या खाणकामगारांच्या गावात, घरे चुकवत, त्याने विमान खाली आणले. मागे बसलेले तिघे वाचले, बार्टन वाचला नाही. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटनचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले.