प्रेस्टन नॉर्थ एंड : इतिहासातले गाजलेले खेळाडू

इंग्लंडच्या लँकशायर भागातल्या प्रेस्टन शहराचा हा फुटबॉल क्लब. मैदान डीपडेल. क्लब फुटबॉलकडे वळला तो साधारण १८८० च्या सुमारास, त्याआधी क्रिकेट आणि रग्बी चालायचं.

सुरुवातीचे मोठे खेळाडू बहुतेक स्कॉटलंडहून आणलेले. मेजर विल्यम सडेल हा क्लबचा सर्वेसर्वा, आणि खेळाडूंना पैसे देतो हे त्याने १८८४ मध्ये उघड कबूल केलं, त्यावरून वाद पेटला आणि १८८५ मध्ये पैसे घेऊन खेळणं अधिकृत झालं. स्कॉटलंडहून आणलेल्यांपैकीच एक जिमी रॉस. १५ ऑक्टोबर १८८७ ला एफए कपात (हरला की बाहेर, अशा इंग्लिश स्पर्धेत) हाइड क्लबला २६-० असं चिरडलं तेव्हा त्याचे गोल कुठे ७ तर कुठे ८ दिलेत. त्याचा भाऊ निक रॉस कॅप्टन होता, पण नेमका १८८८-८९ चा सीझन एव्हर्टनकडून खेळला. नशीब बघा, त्याच सीझनला प्रेस्टनने पहिली लीग एकही मॅच न हरता जिंकली (२२ पैकी १८ विजय, ४ ड्रॉ) आणि एफए कप तर एकही गोल न खाता घेतला. त्या टीमला 'इन्व्हिन्सिबल्स' (अजिंक्य) म्हणतात. त्याच टीममधल्या जॉन गुडॉलचे लीगमधले गोल २० की २१ यावर आकडेवारीवाल्यांचं अजून एकमत नाही. गुडॉल लंडनला जन्मला, आईबाप स्कॉटिश, वाढला किल्मार्नॉकमध्ये आणि खेळला इंग्लंडकडून, त्याचा भाऊ आर्ची बेलफास्टला जन्मला म्हणून आयर्लंडकडून.

आर्थर व्हार्टनबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं. जन्म १८६५, अक्रा (आजचं घाना). १८८६ मध्ये १०० यार्ड १० सेकंदांत पळाला आणि त्याच सुमारास प्रेस्टनचा गोलकीपर झाला, १८८६-८७ च्या कपात टीम सेमीफायनलपर्यंत गेली. त्याला 'जगातला पहिला कृष्णवर्णीय व्यावसायिक फुटबॉलपटू' म्हणायची पद्धत आहे, पण हे प्रेस्टनच्या काळाला चिकटवणं घाईचं वाटतं, कारण तिथे तो बहुधा हौशी म्हणूनच खेळला आणि व्यावसायिक म्हणून त्याचं नाव ठळक होतं ते १८८९ मध्ये रॉदरहॅम टाउनकडे गेल्यावर. काही अभ्यासक अँड्र्यू वॉटसनचं नाव पुढे करतात. वॉटसन १८८१ मध्येच स्कॉटलंडचा कॅप्टन होता, म्हणजे आंतरराष्ट्रीय खेळाडूंत पहिला मान त्याचाच, पण १८८७ मध्ये बूटलकडून तो पैसे घेऊन खेळला का, हे पक्कं ठरत नाही. त्यामुळे 'व्यावसायिक' शब्दावर अडून बसायचं तर व्हार्टनचंच पारडं जड. शेवटी तो कोळसा खाणीत काम करत होता, १९३० ला गेला, आणि कबरीवर दगड बसला तो थेट १९९७ मध्ये.

पुढे लिव्हरपूलचा मॅनेजर म्हणून गाजलेला बिल शँकली १९३३ मध्ये इथे आला. १९३८ चा कप जिंकणाऱ्या टीममध्ये तो होता, फायनलमध्ये एक्स्ट्रा टाइमच्या अगदी शेवटी जॉर्ज मचने पेनल्टी मारली, १-० विरुद्ध हडर्सफील्ड.

टॉम फिनी (१९२२-२०१४) म्हणजे प्रेस्टनचं दैवतच. गावातलाच पोरगा, धंदा प्लंबिंगचा, खेळत असतानाही तो सोडला नाही. युद्धामुळे लीग पदार्पण १९४६ पर्यंत लांबलं, तरी ४३३ लीग मॅचेस, १८७ गोल, इंग्लंडकडून ७६ मॅचेस आणि ३० गोल. दोन्ही विंगांवर (मैदानाच्या कडांनी) खेळायचा, नंतर सेंटर फॉरवर्ड (मधला आक्रमक). १९५२ च्या सुमारास इटलीतल्या पालेर्मोने भरपूर पैसे देऊ केले, क्लबने सोडलं नाही, आणि तेव्हा इंग्लंडमध्ये आठवड्याला १४ पौंडांच्या आसपास कमाल पगाराची मर्यादा होती हे लक्षात घेतलं की क्लबचा हट्ट कळतो. १९५३ ला गुण सारखे असूनही लीग केवळ गोल अॅव्हरेजवर (केलेले गोल भागिले खाल्लेले गोल) आर्सेनलकडे गेली, १९५४ ची कप फायनलही हरले. म्हणजे दोनदा फुटबॉलर ऑफ द इयर (१९५४, १९५७) झालेल्या माणसाकडे लीग किंवा एफए कपाचं मेडल नाही. १९६० मध्ये तो निवृत्त झाला आणि पुढच्याच वर्षी टीम खालच्या डिव्हिजनला गेली, ती अजून वर आलेली नाही.

नंतरचे थोडक्यात : गोलकीपर अॅलन केली, ४४७ लीग मॅचेस. हॉवर्ड केंडल, १९६४ ची एफए कप फायनल १७ व्या वर्षी खेळला. आणि डेव्हिड बेकहॅम, १९९५ मध्ये लोनवर (दुसऱ्या क्लबकडून तात्पुरता उसना) ५ मॅचेस, २ गोल, त्यातला एक थेट कॉर्नरवरून.