सुप्त दोष (घरखरेदीतील)

घर घेताना साधारण काळजीने पाहूनही न सापडणारा आणि ताबा घेतल्यावर उघडकीस येणारा दोष. फुटलेली फरशी यात मोडत नाही. ती पाहूनच सौदा झाला, असे धरतात. ताज्या पुट्टीखाली दडवलेली ओल, स्लॅबमधील गंजलेली सळई, बाथरूमच्या कोब्याखालचे निकामी वॉटरप्रूफिंग ही याची नेहमीची उदाहरणे. मुंबई-कोकणात उन्हाळ्यात ताबा घेतलेल्या घराची खरी परीक्षा पहिल्या पावसाळ्यात होते.

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ नुसार, करारात वेगळे ठरले नसेल तर, आपल्याला ठाऊक असलेला असा दोष खरेदीदाराला सांगणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. तो दडवणे हे कपट ठरते. मात्र रीसेलच्या घरात घोडे अडते ते विक्रेत्याला दोष ठाऊक होता हे सिद्ध करण्यावर. सोसायटीकडे त्याने पूर्वी दिलेले गळतीचे तक्रारअर्ज, दुरुस्तीची बिले, वरच्या मजल्यावरील शेजाऱ्याशी झालेला पत्रव्यवहार हे इथे कामी येतात. ‘जसे आहे तसे घेतले’ हे कलम करारात असल्यास वाट आणखी बिकट होते, म्हणून सह्या करण्यापूर्वी ते वकिलाला दाखवावेच. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत ३० वर्षांवरील इमारतीचे दर ३ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट सांगितले आहे. तो अहवालही टोकन देण्याआधी मागावा.

बिल्डरकडून घेतलेल्या घराला अधिक संरक्षण आहे. महाराष्ट्राच्या १९६३ च्या मोफा (मालकी तत्त्वावरील सदनिकांच्या) कायद्यात दोषदुरुस्तीची मुदत ताब्यापासून ३ वर्षांची आहे. रेरा या केंद्रीय स्थावर संपदा कायद्याच्या कलम १४(३) ने ती ५ वर्षे केली. या काळात दोष कळवल्यास बिल्डरने ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्ती करायची, नाहीतर भरपाई द्यायची. मूळ ग्राहकाकडून पुढे घर घेणाऱ्यालाही हा हक्क मिळतो, हे अनेकांना माहीत नसते. यावर बिल्डरचा ठरलेला बचाव म्हणजे रहिवाशाने फरशी बदलली, भिंत फोडली, देखभाल केली नाही. म्हणून दुरुस्तीला हात लावण्यापूर्वी तारखेसह फोटो, लेखी नोटीस आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचा अहवाल हवा. एकदा प्लास्टर खरवडले की पुरावा मलब्यात जातो.

कायद्यातील खरी उणीव मुदतीच्या मोजणीत आहे. फ्रान्सच्या नागरी संहितेत (कलम १६४१ व १६४८) दाव्याची २ वर्षे दोष सापडल्यापासून मोजतात. रेराची ५ वर्षे ताब्यापासून धावतात. सळईचा गंज स्लॅबवर दिसेपर्यंत ती सहज उलटू शकतात.

बिल्डरविरुद्ध महारेरा (रेराखालील राज्याचे प्राधिकरण) किंवा ग्राहक आयोगाकडे जाता येते. घरबांधणी ही ‘सेवा’ असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात मान्य केले. ग्राहक तक्रारीची मुदत २ वर्षांची आहे. राहते घर विकणाऱ्या खासगी व्यक्तीविरुद्ध मात्र सहसा दिवाणी न्यायालयातच जावे लागते.