‘निर्वाण सिम्फनी’मागे मठ किती, स्टुडिओ किती?

जपानी संगीतकार तोशिरो मायुझुमी यांची ‘निर्वाण सिम्फनी’ टोकियोत पहिल्यांदा वाजली ती २ एप्रिल १९५८ रोजी. वय तेव्हा २९. कोरसच्या तोंडी बौद्ध मंत्र असल्यामुळे ‘मुळांकडे परतलेला संगीतकार’ असे कौतुक ठरलेलेच. ते अर्धेच खरे आहे.

पॅरिसला शिकायला गेलेले मायुझुमी वर्षभरातच परतले, ते टेपवरच्या नव्या संगीताचे वेड घेऊन. १९५५ मध्ये त्यांनी नभोवाणीच्या स्टुडिओत निव्वळ साइन लहरी, म्हणजे यंत्राने काढलेले एकेरी शुद्ध स्वर, जुळवून रचना केल्या. देवळांच्या घंटा आल्या त्यानंतर, आणि त्याही ध्वनिमुद्रित होऊन. नारा शहरातल्या तोदाइजीसारख्या देवळांतल्या महाघंटांचा नाद त्यांनी तपासून घेतला. टोल पडला की आधी धातूचा ठणका, मग लांबत जाणारी आस, म्हणजे मागे रेंगाळणारा नाद. त्या आसेतला प्रत्येक उपस्वर (मुख्य स्वरासोबत उमटणारा स्वर) आपापल्या गतीने विरतो. हे उपस्वर पियानोच्या पट्ट्यांशी नीट जुळत नाहीत, त्यामुळे वाद्यवृंदावर उतरवताना थोडी ओढाताण होतेच. मायुझुमींनी ती पत्करली आणि वाद्यवृंदाचे तीन गट करून ते श्रोत्यांच्या भोवती बसवले.

हिला सिम्फनी म्हणायचे तरी का, हा जुनाच प्रश्न. सहा भागांपैकी पहिला, तिसरा आणि पाचवा घंटानादाचा, दुसरा आणि चौथा मंत्रांचा. शेवटी दोन्ही एकत्र. विषय मांडून तो फुलवत नेण्याची युरोपीय रीत इथे नाहीच. खुद्द संगीतकाराने हिला बौद्ध कँटाटाही, म्हणजे वाद्यवृंदासोबत गायची रचना, म्हटले आहे. झेन या बौद्ध पंथाच्या मठातले पठण तिकीट लावून ऐकवावे का, हा आक्षेप मात्र मला फारसा पटत नाही. मंत्रातली मूळ संस्कृत ‘महाप्रज्ञापारमिता’ चिनीतून जपानीत जाताना ‘माका हान्न्या हारामिता’ झाली आहे. संस्कृत जाणणाराही ती चटकन ओळखणार नाही. रचनेत या अक्षरांचे काम अर्थापेक्षा नादाचेच आहे.

१९६० मध्ये ‘मंडल सिम्फनी’ आली. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकच्या उद्घाटनालाही मायुझुमींनी घंटानादावर बेतलेले इलेक्ट्रॉनिक संगीत दिले. पुढे ते उजव्या राष्ट्रवादी चळवळीत उघडपणे उतरले, आणि अनेकांना १९५८ च्या या रचनेतही तेच राजकारण ऐकू येऊ लागले. हे उलट्या दिशेने केलेले वाचन आहे.

आज बहुतेकांच्या कानी पडते ती ध्वनिमुद्रिकाच. श्रोत्यांभोवती फिरणारा नाद दोन स्पीकरांतून समोरूनच येतो.