भोग आणि ईश्वरेच्छा: दुःखाची दोन वेगळी उत्तरे

कोणाच्या घरी अकाली मृत्यू झाला की सांत्वनाला आलेली माणसे दोन वाक्ये हमखास बोलतात. एक, ‘ज्याचे त्याचे भोग असतात’ आणि दुसरे, ‘देवाच्या मनात होते ते झाले’. दोन्ही वाक्ये अनेकदा एकाच तोंडून, एकापाठोपाठ येतात आणि ऐकणाऱ्याला त्यांत काही विसंगती जाणवत नाही. वास्तविक, देव चांगला आहे असे मानणाऱ्याने जगातल्या दुःखाचा उलगडा कसा करावा, या प्रश्नाची ही दोन भिन्न आणि पुष्कळ अंशी परस्परविरोधी उत्तरे आहेत. पहिले उत्तर दुःखाचे कारण देवाकडून काढून माणसाच्या कर्माकडे नेते, तर दुसरे ते देवाच्याच हाती ठेवते आणि देवाचा हेतू आपल्या बुद्धीपलीकडचा आहे असे सांगते.

पहिल्या उत्तराची सर्वांत काटेकोर मांडणी वेदान्ताचा पायाभूत ग्रंथ असलेल्या ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात सापडते. तेथे आक्षेप असा आहे की, ईश्वराने हे जग निर्माण केले असेल तर कोणी सुखी आणि कोणी अत्यंत दुःखी अशी विषमता त्याने का ठेवली, आणि प्राण्यांना इतक्या यातना देणाऱ्याला निर्दय का म्हणू नये. ‘वैषम्यनैर्घृण्ये न सापेक्षत्वात्’ या सूत्राचे उत्तर असे की, हे दोन्ही दोष ईश्वराला लागत नाहीत, कारण तो प्राण्यांच्या धर्माधर्मानुसार, म्हणजे पुण्यपापानुसार, सृष्टी करतो. शंकराचार्य आपल्या भाष्यात पावसाचे उदाहरण देतात: भात आणि जव या दोहोंना पाऊस सारखाच पडतो, पण त्यांच्यातला फरक ज्याच्या त्याच्या बीजामुळे पडतो. मग पहिल्या सृष्टीपूर्वी कर्म कोठून आले, असे विचारले तर लगेच पुढच्या सूत्रात उत्तर मिळते की संसार अनादी आहे, त्याला ‘पहिली’ वेळ नाहीच.

या मांडणीचे बळ मान्य केले पाहिजे. तिच्यात देव क्रूर ठरत नाही आणि कोणतेही दुःख अकारण राहत नाही. पण तिची किंमतही मोठी आहे. पावसासारखा देव सर्वांना समान असतो खरा, पण पाऊस कोणाच्या हाकेला थांबत नाही. पूर्वजन्मांतून साठत आलेले कर्म म्हणजे संचित; त्यातला जो भाग या जन्मी फळू लागला ते प्रारब्ध, आणि ते भोगूनच संपते असे म्हटले की ईश्वर मुख्यतः फळ देणारा उरतो; संकटात धावून येणाऱ्या देवाला या मांडणीत जागा शोधावी लागते. शिवाय हिशेब पूर्ण होण्यासाठी प्रत्येक पीडिताच्या खात्यावर त्याला न आठवणारे एक पाप मांडावे लागते. डॉ. आंबेडकरांनी ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माच्या सिद्धान्तावर नेमके येथे बोट ठेवले आहे. दीनदुबळ्यांच्या अवस्थेच्या जबाबदारीतून राज्याला आणि समाजाला सुटका मिळावी, याखेरीज या सिद्धान्ताचा दुसरा हेतू संभवत नाही, असा त्यांचा आशय आहे. ज्या समाजात जन्मावरून माणसाची पायरी ठरत होती तेथे या आक्षेपाचे वजन वेगळे सांगायला नको.

दुसऱ्या उत्तरात असा हिशेब नसतो. देव सर्वशक्तिमान आहे, तो चांगला आहे, आणि जे घडते ते त्याच्या इच्छेने किंवा निदान संमतीने घडते. म्हणून त्यात काही भले दडलेलेच असणार, मग ते आपल्याला दिसो वा न दिसो. जर्मन तत्त्वज्ञ लायब्निट्स याने 1710 मध्ये हा विचार टोकाला नेला आणि देवाने शक्य असलेल्या सर्व जगांतून उत्तमच निवडले असणार असे प्रतिपादन केले. पुढे 1 नोव्हेंबर 1755 रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, लिस्बनमध्ये भूकंप झाला. प्रार्थनेसाठी भरलेली चर्च कोसळली, आग लागली, समुद्र शहरात शिरला आणि या उत्तराची परीक्षा साऱ्या युरोपात सुरू झाली. या उत्तरात पीडिताला दोष द्यावा लागत नाही, हा त्याचा मोठाच गुण आहे. मात्र येथे किंमत दुसऱ्या बाजूने चुकवावी लागते. लहान मुलाचे हाल हेही ज्याच्या इच्छेत बसते त्याला ‘चांगला’ म्हणताना त्या शब्दाला आपण एरवी जो अर्थ देतो तो शिल्लक राहतो का, हा प्रश्न सुटत नाही.

बायबलमधील ईयोबाच्या ग्रंथात ही दोन उत्तरे समोरासमोर उभी केलेली आहेत. सर्वस्व गमावलेल्या ईयोबाला त्याचे मित्र सांगतात की इतके दुःख आले त्या अर्थी तुझ्या हातून पाप घडलेच असणार. तेथे पुनर्जन्म नाही, पण युक्तिवादाची जात भोगाचीच आहे. शेवटी देव बोलतो तेव्हा तो कारण सांगत नाही, सृष्टीची अफाटता दाखवतो. मात्र मित्र आपल्याविषयी यथार्थ बोलले नाहीत, असे तो स्पष्टपणे सुनावतो. मला या ग्रंथातली ही गोष्ट फार मोलाची वाटते: देवाची बाजू घेऊन पीडिताला दोषी ठरवणाऱ्यांना देवच नाकारतो.

दोन्ही उत्तरांची सरमिसळ झाली की काय होते ते 1934 मध्ये दिसले. 15 जानेवारीला बिहारमध्ये भीषण भूकंप झाला आणि त्या वेळी अस्पृश्यतानिवारणाच्या दौऱ्यावर असलेल्या गांधीजींनी तो अस्पृश्यतेच्या पापाबद्दल देवाने केलेला दंड आहे, असे म्हटले. दंड करणारा देव म्हणजे येथे ईश्वरेच्छा आली, आणि पापाचे फळ म्हणजे कर्मही आले. पण ज्यांचे पाप त्यांनाच फळ, ही कर्मसिद्धान्ताची न्याय्य बाजू मात्र गळून पडली, कारण भिंतींखाली मेलेल्यांत अस्पृश्यही होते आणि तान्ही मुलेही. रवींद्रनाथ ठाकूर अस्पृश्यतेच्या विरोधात गांधीजींच्याच बाजूचे होते, तरी त्यांनी जाहीर आक्षेप घेतला की भौतिक आपत्तीचे कारण भौतिक घटनांतच असते आणि असला युक्तिवाद गांधीजींपेक्षा त्यांच्या विरोधकांच्या मनोवृत्तीला अधिक शोभतो. गांधीजींनी तो आक्षेप आपल्या ‘हरिजन’ साप्ताहिकात छापला आणि आपली श्रद्धा सोडली नाही. त्यांच्या हेतूविषयी आदर ठेवूनही, या वादात रवींद्रनाथांचे म्हणणे बरोबर होते असे मी मानतो.

किल्लारीचा भूकंप झाला तो 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणेशविसर्जन उरकून माणसे झोपलेली असताना. देवाला नुकताच निरोप दिलेल्या गावांवर हे का यावे, हा प्रश्न तेव्हा विचारला जाणे स्वाभाविकच होते. पण माणसे मेली ती मुख्यतः दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचे मातीचे जड माळवद अंगावर कोसळल्याने. भोग म्हणा की ईश्वरेच्छा म्हणा, दोन्ही उत्तरे या भिंतींपर्यंत पोचत नाहीत, आणि ती पोचावीत अशी अपेक्षाही नसावी. ‘कशामुळे’ हा प्रश्न बांधकामाचा आणि भूगर्भाचा आहे. ‘माझ्याच वाट्याला का’ हा प्रश्न त्याने संपत नाही, एवढेच.

आपल्या स्वतःच्या मनात नेमके कोणते उत्तर आहे हे ओळखायचे असेल तर आपण संकटात काय करतो ते पाहावे. नवस बोलणारा माणूस ईश्वरेच्छा मानतो, कारण इच्छा बदलू शकते. ग्रहशांती किंवा प्रायश्चित्त करणारा कर्माचा हिशेब मानतो, कारण त्याला बाकी फेडायची असते. बहुतेक घरांत दोन्ही चालते.

वारकरी परंपरेतही दोन्ही आहेत, परंतु तेथे त्यांचा उपयोग निराळा होतो. ‘ठेविलें अनंतें तैसेंचि राहावें’ या तुकोबांच्या अभंगात ठेवणारा अनंत आहे, म्हणजे ईश्वरेच्छा आहे. आणि पुढच्याच चरणात ‘भोगणें तें फळ संचिताचें’ असे म्हणून कर्मही आहे. तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने हा विरोध मिटवलेला नाही. पण अभंग तेथे थांबत नाही, ‘तुका म्हणे घालूं तयावरी भार’ असे म्हणून तो दुःखाचे ओझे देवावर टाकतो. दुष्काळाने तुकोबांचे द्रव्य आटवले, मान नेला, एक पत्नी ‘अन्न अन्न’ करीत गेली; हे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. ते सांगताना ती कोणत्या पापाचे फळ भोगत होती, असे ते म्हणत नाहीत. ‘बरें जालें देवा निघालें दिवाळें’ असेही ते म्हणतात, पण ते स्वतःच्या दिवाळ्याविषयी. दोन्ही उत्तरे स्वतःच्या दुःखापुरती घेण्याचा अधिकार ज्याचे दुःख आहे त्याला आहे, असे माझे मत आहे. दुसऱ्याच्या ओसरीवर बसून ती सांगण्याचा अधिकार कोणत्याही शास्त्राने आपल्याला दिलेला नाही.