संगणक कोसळतात, पण मागे कोण हटतं?

नाशिकची द्राक्षं आणि कांदा ज्या बंदरातून परदेशी जातात, त्या उरणजवळच्या जेएनपीटीतलं एक टर्मिनल जून २०१७ अखेरीस ठप्प झालं. कारण युक्रेनमधलं. तिथल्या करभरणीच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून नॉटपेट्या हा व्हायरस सुटला आणि मर्स्क या जहाज कंपनीच्या जगभरच्या संगणकांत शिरला. टर्मिनल तिच्याच समूहाचं. कंटेनरचं काम हातानं करावं लागलं. द्राक्षाचा हंगाम उरकला होता, हे नशीब.

मर्स्कनं १० दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्यानं उभे केले. तेवढे दिवस माणसांनी हातानं काम रेटून मालवाहतुकीतली घट २० टक्क्यांवर रोखली, असं कंपनीच्या अध्यक्षांनीच नंतर दावोसला सांगितलं. (नेटवर्कच्या मुख्य माहितीची एक प्रत बचावली ती घानाच्या कचेरीत, आणि तीही वीज जाऊन तिथला संगणक बंद होता म्हणून! लोडशेडिंगला शिव्या घालणाऱ्यांनी नोंद घ्यावी.) हाताच्या कामानं कंपनी तगली, पण पुढचा पैसा गेला तो सायबर सुरक्षेवर. बिघाडानं यंत्राचा दरारा कमी होतो, हे मला म्हणूनच पटत नाही. दुरुस्तीच्या निमित्तानं यंत्रणेचा आणखी एक थर चढतो.

हे जुनंच आहे. नोव्हेंबर १९८८ मध्ये मॉरिस वर्म या आपोआप पसरणाऱ्या प्रोग्रामनं तेव्हाच्या लहानशा इंटरनेटवरचे हजारो संगणक अडवले. त्याच महिन्यात कार्नेगी मेलन विद्यापीठात ‘सर्ट’ हे आपत्कालीन पथक उभं राहिलं. वायटूकेच्या, म्हणजे २००० साल उजाडताच संगणकांच्या तारखा चुकतील या भीतीतून तर भारतीय आयटी कंपन्यांना परदेशात कामं मिळाली.

१९ जुलै २०२४ ला मात्र राखणदारानंच घात केला. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरचं सदोष अपडेट गेलं आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. भारतातल्या विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास निघाले.

हाताची ही सोय सगळीकडे उरलेली नाही. कीटकनाशकांच्या अंशावरून युरोपनं भारतीय द्राक्षांवर बोट ठेवलं, त्यानंतर शेतमाल निर्यातीचं काम बघणाऱ्या अपेडा या सरकारी संस्थेची ग्रेपनेट ही संगणकीय नोंदप्रणाली आली. निफाड-दिंडोरीच्या बागायतदाराला युरोपात माल पाठवायचा तर प्लॉटची नोंद तिथे हवी. कीटकनाशकांच्या अंशांच्या तपासणीचा अहवाल आणि मालाचा मागही त्यातच. पूर्वीची अडचण फवारणीतली होती, उत्तर संगणकातून आलं. ऐन हंगामात ही प्रणाली बंद पडली, तर पॅकहाउसमध्ये वही काढून भागत नाही. ती पुन्हा सुरू होण्याची वाट बघावी लागते.