बहुस्रोत रेप्लिकेशन
ठिकठिकाणच्या स्वतंत्र डेटाबेसमध्ये होणारा प्रत्येक बदल एका मध्यवर्ती डेटाबेसमध्ये सतत उतरवत राहण्याची पद्धत. समजा, लासलगाव, पिंपळगाव बसवंत, येवला, मनमाड येथील बाजार समित्या कांद्याची आवक आपापल्या सर्व्हरवर नोंदवतात आणि सगळ्यांचा एकत्र आकडा नाशिकच्या सर्व्हरवर हवा आहे. चार समित्यांपुरते हे सुरळीत चालते. संख्या वाढली की अडते.

मायएसक्यूएल या डेटाबेस प्रणालीत 5.7 आवृत्तीपासून (2015) एका सर्व्हरला अनेक स्रोत जोडता येतात, कमाल 256. पोस्टग्रेसक्यूएल (पोस्टग्रेस) या दुसऱ्या प्रणालीत लॉजिकल रेप्लिकेशन, म्हणजे निवडक तक्त्यांतले बदल नोंदीनिहाय पाठवणे, 10व्या आवृत्तीपासून (2017) आहे. तिथे वर्करची (आलेले बदल उतरवणाऱ्या प्रक्रियांची) मूळ मर्यादा 4 असते, ती सेटिंगमधून वाढवता येते.

पण खरी कोंडी लिखाणाची. समितीत दहा खिडक्यांवरचे कारकून एकाच वेळी नोंदी करतात. पोस्टग्रेसमध्ये त्याच नोंदी मध्यवर्ती सर्व्हरवर सर्वसाधारणपणे एकच वर्कर एकामागून एक उतरवतो. शिवाय सगळ्या समित्यांचे लिखाण शेवटी एकाच डिस्कवर येते. उन्हाळ कांद्याच्या हंगामात सकाळचे लिलाव सगळीकडे साधारण एकाच सुमारास चालतात, म्हणून दिवसाची सरासरी धरून सर्व्हर निवडणे हे घातक आहे.

दुसरी अडचण क्रमांकांची. काटापट्टी क्रमांक 1 लासलगावलाही असते, येवल्यालाही. प्रायमरी की (प्रत्येक नोंदीची एकमेव ओळख) म्हणून नुसता क्रमांक ठेवला असेल, तर दुसरी पट्टी येताच चूक दाखवून त्या स्रोताचे रेप्लिकेशन थांबते. समितीचा संकेतांक आणि पट्टी क्रमांक मिळून प्रायमरी की करावी, आणि तीही पहिल्याच दिवशी. लाखो नोंदी साठल्यावर हा बदल फार जिवावर येतो.

सर्वांत दुर्लक्षित धोका उलट दिशेने येतो. नाशिकचा सर्व्हर बंद पडला, तर पोस्टग्रेसचा रेप्लिकेशन स्लॉट (कुठवरचे बदल पोचले याची स्रोताकडची नोंद) न पोचलेले बदल समितीच्याच डिस्कवर राखून ठेवतो. डिस्क भरली की तिथला डेटाबेस बंद पडतो. बिघाड नाशिकला, आणि ट्रॅक्टर घेऊन आलेला शेतकरी पट्टीवाचून लासलगावात ताटकळतो. 13व्या आवृत्तीपासून (2020) या साठ्याला मर्यादा घालता येते. ती ओलांडली तर स्लॉट बाद होऊन सगळे तक्ते पुन्हा नव्याने उतरवावे लागतात. म्हणून स्लॉट किती मागे पडला आहे, याची सूचना समितीच्या सर्व्हरवरही लावावी.

जिल्ह्याचा एकत्र आकडा दिवसातून दोनदाच लागत असेल, तर प्रत्येक पट्टी पाठवण्याची गरजच नाही. लिलाव संपल्यावर बाजारनिहाय आवक आणि किमान, कमाल, सरासरी भाव पाठवले तरी भागते.